शिवेवरची शाळा

भार्गवजींच्या ऑफिसचं दार उघडलं आणि डोळ्यांच्या आधी नाकानं ती जागा ओळखली. जुना कागद, डिंक, कपाटातला कापूर, आणि सगळ्यांच्या तळाशी वाळ्याचा वास. कूलर कधीच गेला होता, खिडकीत त्याची गंजलेली चौकट तेवढी उरली होती. तरी इतक्या उन्हाळ्यांत वाळ्याच्या ताट्यांतून आत आलेली ओल त्या भिंतींनी धरून ठेवली असावी.

माझे सीनियर वकील भार्गवजी जाऊन वर्ष होत आलं. जयपूरच्या सी-स्कीम भागातला तो बंगला त्यांच्या मुलानं विकला. त्याचा फोन आला होता, "दीदी, पुढच्या आठवड्यात जागा रिकामी करतोय. तुमची काही पुस्तकं असतील तर घेऊन जा." पुस्तकं माझी नव्हती फारशी. तरी गेले. मानसरोवरहून मेट्रो धरली, पुढे रिक्षा केली, आणि भर दुपारी त्या खोलीत उभी राहिले, जिथं माझ्या वकिलीची पहिली सहा वर्षं गेली.

समोरासमोर दोन मांडण्या अजून होत्या. डावीकडच्या मांडणीवर लाल कापडात बांधलेल्या फायली, उजवीकडच्या मांडणीवर हिरव्या. ज्याला या गोष्टी ठाऊक नाहीत त्याला सांगायला हवं. आमच्या राज्याचं हायकोर्ट दोन गावांत बसतं. मुख्य पीठ जोधपूरला, खंडपीठ इथं जयपूरला. कोणत्या जिल्ह्याचं प्रकरण कुठं लागायचं हे ठरलेलं आहे. सीकर, अलवर, अजमेर, कोटा इकडे. चूरू, नागौर, बिकानेर, बाडमेर तिकडे. लाल म्हणजे जयपूर, हिरवं म्हणजे जोधपूर. वकीलही तसेच वाटले गेलेले. जोधपूरच्या वकिलांना वाटतं, आमच्या घरातला हिस्सा तुम्ही काढून नेलात. जयपूरच्यांना वाटतं, राजधानीत असूनही आम्ही धाकटेच. दोन शहरं एकमेकांचा असा हेवा करत जगतात, आणि त्यांच्यामध्ये पक्षकार एस.टी.त बसून हिंडत असतो.

मला हे नवीन नव्हतं. आम्ही मूळचे सांगलीचे. वडील विम्याच्या ऑफिसात, बदली होऊन इथं आले आणि इथलेच झाले. पण सांगलीला माझे काका वकील होते, आणि कोल्हापूरला खंडपीठ व्हावं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की लहानपणी मला ते एखाद्या नवसासारखं वाटायचं. म्हातारी माणसं एका तारखेसाठी मुंबईला जातात आणि पुढची तारीख घेऊन परत येतात, हे सांगताना काकांचा आवाज बसायचा. कोर्ट कुठं बसतं यावर न्याय कुणाच्या वाट्याला येतो हे ठरतं, एवढं मला वकील होण्याआधीच कळलेलं होतं.

कळलेलं होतं, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

शारदा चौधरी आणि मी एकाच महिन्यात या ऑफिसात आलो. ती चौमूंची. वडिलांचं बियाण्यांचं दुकान. रोज सकाळी सीकर रोडच्या बसनं यायची, पिशवीत वकिलीचा काळा कोट घडी घालून, आणि वर डबा. डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाची लाल चटणी. तिनं डबा उघडला की आमचे मुन्शी रामावतारजी मान वर करून म्हणायचे, "अब दोपहर हुई."

हिवाळ्यात आम्ही गच्चीवर उन्हात बसून मसुदे लिहायचो. पुढ्यात शेंगदाण्यांची पुडी, तिळाच्या गजकचा एखादा तुकडा, आणि खालून येणारा टाइपरायटरचा आवाज. कॉम्प्युटर होता, पण रामावतारजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. संध्याकाळी कोर्टाची दुसऱ्या दिवशीची यादी यायची आणि आम्ही दोघी एकाच कागदावर डोकी टेकवून भार्गवजींचं नाव शोधायचो. पेन्सिल एकच असायची. जिला आधी सापडेल तिनं खूण करायची. बहुतेक वेळा तिला आधी सापडायचं.

माझ्या मत्सराची सुरुवात तिथून झाली असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. मत्सराला सुरुवात सापडत नाही. मला आठवतात त्या फक्त छोट्या छोट्या गोष्टी. पक्षकार आत आले की आम्हा दोघींकडे बघायचे आणि तिच्या समोरच्या खुर्चीवर बसायचे. ती त्यांच्या बोलीत बोलायची, "थे बैठो, पाणी पीओ," आणि पाच मिनिटांत ज्या गोष्टी ते कागदावर लिहून द्यायला कचरत त्या तिला सांगून टाकायचे. माझी हिंदी तिच्यापेक्षा शुद्ध होती. इंग्रजी तर फारच चांगली. पण मी 'महाराष्ट्रवाली मॅडम' होते आणि ती 'बेटी'.

भार्गवजी मसुदा वाचताना चष्मा कपाळावर सरकवायचे. माझा मसुदा वाचून ते म्हणत, "अच्छा है." शारदाचा वाचून काही म्हणत नसत, नुसतं पान उलटत, आणि मग पुन्हा मागचं पान काढून एखादा परिच्छेद दुसऱ्यांदा वाचत. ते दुसऱ्यांदा वाचणं मला हवं होतं. सहा वर्षांत माझं एकही पान त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

आणि मग आई.

शारदा आमच्या घरी यायला लागली ती पावसात बस चुकली म्हणून. आईनं तिला पोहे दिले. चौमूंच्या त्या मुलीनं पोहे तोंडात घातले आणि डोळे मिटले. आई तिथंच जिंकली गेली. मग दर शनिवारी शारदा आमच्याकडे. वांगी, भरली भेंडी, थालीपीठ. "आई, और थोडा भाजी वाढो," असं तिचं धेडगुजरी मराठी, आणि माझी आई, जी माझ्या मराठीतला एक 'मतलब' चालवून घेत नसे, ती हसून हसून पदर तोंडाला लावायची.

वकिलांच्या गळ्यातले ते पांढरे बँड आई घरी धुवायची. साबुदाण्याची पातळ खळ करून त्यात बुडवायची, सावलीत वाळवायची, किंचित ओले असताना इस्त्री फिरवायची. तो गरम, गोडसर, किंचित करपट वास म्हणजे आमच्या घरातला रविवार. शारदानं एकदा ते पाहिलं आणि दुसऱ्या शनिवारी आपले बँडही घेऊन आली. आईनं हौसेनं घेतले. त्या रविवारी मी अंघोळ करून आले तर दोरीवर चार जोड होते आणि आई इस्त्री करत होती. पहिल्यांदा शारदाचे केले. का? हाताला आधी ते लागले म्हणून, दुसरं काही कारण नसणार. पण ती पांढरी पट्टी, तिच्यावरून सावकाश फिरणारा आईचा हात, हे मला आजही लख्ख दिसतं. माझ्या लग्नाचे फोटो इतके लख्ख आठवत नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भार्गवजींनी सांगितलं की ते जोधपूरला ऑफिस उघडणार. "दोघींपैकी एक तिकडे जाईल. मुख्य पीठ आहे, माणूस तिथं घडतो," ते म्हणाले. नाव घेतलं नाही. पण बोलताना त्यांनी शारदाकडे बघितलं. अर्धा क्षण. मी मोजला.

त्याच आठवड्यात संतोषदेवी आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, डोक्यावर घट्ट पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. शाळेत शिक्षिका. नवरा वारलेला, मुलं लहान, सासू अंथरुणाला खिळलेली. बदली बाडमेरच्या बाजूला, वाळवंटाच्या पार टोकाला झाली होती. "मी गेले तर माँजींना पाणी कोण देईल?" एवढंच त्या सारखं विचारत होत्या. सासूला त्या 'माँजी' म्हणायच्या. शारदा त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.

मसुदा शारदानं केला. संतोषदेवींचं घर सीकर जिल्ह्यातलं, पत्ता सीकरचा, म्हणून प्रकरण जयपूरचं असं धरून तिनं भराभर लिहून काढलं. कोर्टाच्या दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस होते. सुट्टीच्या आत स्थगिती मिळाली तर बाई शाळेतून कार्यमुक्त व्हायच्या वाचणार होत्या. कुठल्या जिल्ह्याचं प्रकरण हे एरवी रामावतारजी तपासत, पण ते भाचीच्या लग्नाला गेले होते. शारदानं कागद माझ्यासमोर ठेवले.

"एकदा नजर टाक ना. मी रात्री झोपले नाहीये, मला आता अक्षरं दिसत नाहीत."

मी गच्चीवर गेले. ऊन कोवळं होतं. कुणीतरी संक्रांतीच्या कितीतरी आधीच पतंग चढवला होता आणि तो मोडक्या अँटेनाला अडकून फडफडत होता. मी पानं वाचत गेले. मसुदा चांगला होता. सातव्या पानावरचा परिच्छेद तर मी दुसऱ्यांदा वाचला. मग जोडलेले कागद उलटले आणि बदलीचा आदेश आला. त्यावर शाळेचं नाव, आणि त्याखाली: जिल्हा चूरू.

गाव शिवेवरचं होतं. घरं सीकरमध्ये, आणि दोन शेतं ओलांडून गेलं की शाळा चूरूमध्ये. नोकरी चूरूची, आदेश चूरूचा, म्हणजे प्रकरण जोधपूरचं. लाल कापड नव्हे, हिरवं.

माझं बोट त्या शब्दावर होतं. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. संध्याकाळच्या बसनं कागद जोधपूरला गेले असते, दुसऱ्या दिवशी लागले असते.

मी खाली गेले. शारदा टेबलावर डोकं ठेवून डुलक्या घेत होती. गालावर पेनाच्या टोपणाचा वळ उमटला होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "लाव."

एवढंच. दुसरं काही मी केलं नाही. कागद फाडला नाही, लपवला नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी काही केलं नाही.

रजिस्ट्रीनं, म्हणजे कोर्टाच्या कचेरीनं, हरकत काढली. प्रकरण सुट्टीनंतर बोर्डावर आलं, आणि पहिल्याच मिनिटाला कोर्ट म्हणालं, हे इथलं नाही, जोधपूरला न्या. मधे अठरा दिवस गेले. त्यातल्या एका सकाळी शाळा उघडली आणि संतोषदेवींच्या हातात कार्यमुक्तीचा कागद पडला.

भार्गवजी कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. "जिल्हा वाचता येत नाही? वकील आहेस की पोस्टमन?" रामावतारजी खाली बघत होते. शारदाचा चेहरा पांढराफटक. मी कोपऱ्यात चहाचा कप घेऊन उभी होते आणि मला बरं वाटलं. ते मी नाकारत नाही. छातीत काहीतरी सैल झालं, उन्हाळ्यात कूलर सुरू झाल्यावर होतं तसं. ते दोन-तीन श्वास टिकलं असेल.

मग शारदानं डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, चूक माझी आहे. फाईल मी स्वतः नेते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती जोधपूरला गेली. आईनं तिच्याबरोबर चिवडा दिला, आणि खळ घातलेले बँड. तिथं एका ओळखीच्या घरी राहून तिनं ती फाईल चालवली, एकटीनं, तारखेमागून तारीख. सात महिन्यांनी बदली रद्द करून आणली. तोपर्यंत भार्गवजींना कुणाला पाठवायचं हा प्रश्न उरला नव्हता. ती तिथंच होती. मी तिला खाली ओढायला गेले आणि तिकडची गादी माझ्या हातानं तिला दिली.

माँजी चौथ्या महिन्यातच गेल्या होत्या. शारदानं फोनवर सांगितलं तेव्हा लाइनमध्ये खरखर होती. ती रडत होती हे मला उशिरा कळलं.

त्यानंतरची वर्षं मी नीट जगले. लग्न झालं, मुलगी झाली, माझंही ऑफिस झालं. सीतापुऱ्यातल्या कारखान्यांची कामं मिळाली, नाव झालं. पण रोज सकाळी चहाबरोबर मी जोधपूरचे निकाल वाचायचे. इथले नंतर, तिथले आधी. शिवेवरच्या गावांची माणसं आता शारदाला शोधत यायची. कुठल्या पिठाकडे जायचं यात अडकलेल्यांची ती वकील झाली होती. मी तिचं नाव शोधायचे, निकाल तिच्या विरुद्ध गेला असला की पान नीट वाचायचे, बाजूनं गेला असला की पटकन पुढचं. नवरा म्हणायचा, "किती वाचतेस गं त्या जोधपूरचं?" मी म्हणायचे, अभ्यास.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. शारदा बाराव्याला आली. आईच्या फोटोसमोर बसली आणि हमसून हमसून रडली. मांडवातली मराठी मंडळातली बायकामाणसं तिला मुलगी समजून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला रडू आलं नव्हतं. मी वाढप बघत होते. माझ्याच आईच्या बाराव्याला, जिलबीचं ताट हातात घेऊन, मला तिच्या रडण्याचा हेवा वाटला.

आणि आता ही बातमी. गेल्या आठवड्यात वकिलांच्या ग्रुपवर आली. शारदा हायकोर्टाची न्यायाधीश होणार, पुढच्या सोमवारी जोधपूरला शपथ. ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडत होते. मीही एक टाकला.

त्या रिकाम्या होत चाललेल्या ऑफिसात मी हिरव्या मांडणीसमोर उभी होते, तेवढ्यात मागे पावलं वाजली. भार्गवजींच्या मुलानं तिलाही बोलावलं होतं. केस अर्धे पांढरे, चाल तीच, बस पकडायची असल्यासारखी.

"तू आली आहेस!" ती म्हणाली आणि तिनं मला मिठी मारली. तिच्या साडीला नव्या कापडाचा वास होता. "मी सरांचा तो काचेचा पेपरवेट मागायला आले. शपथेला जवळ ठेवेन म्हटलं. तुला हवा असेल तर तू घे हां."

तुला हवा असेल तर तू घे. तिला हे असं सहज म्हणता यायचं. काय कोण जाणे, त्या वाक्यानं माझ्यातली कडी निघाली.

"शारदा, संतोषदेवींच्या फायलीत जिल्हा चूरू आहे हे मी वाचलं होतं. तू मला दाखवायला दिलीस तेव्हाच. मी मुद्दाम बोलले नाही."

मला वाटलं, ती म्हणेल की मला ठाऊक होतं, किंवा जाऊ दे, इतकी वर्षं झाली. पण ती हळूच खुर्चीत बसली, धुळीची पर्वा न करता.

"बावीस वर्षं मी कुठलीही फाईल लावण्याआधी जिल्हा तीनदा वाचते," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या हातून एक म्हातारी बाई सुनेविना मेली. मतलब, रोज नाही, पण वाटायचं."

"मला माफ कर."

"का बोलली नाहीस?"

"भार्गवजी तुझं पान दुसऱ्यांदा वाचायचे म्हणून. आईनं तुझे बँड आधी इस्त्री केले म्हणून."

इतक्या वर्षांनी मोठ्यानं म्हटल्यावर ते किती लहान वाटलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण ते हसू नव्हतं.

"तुझी आई रात्री झोपताना तुझं नाव घेऊन कूस बदलायची," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे राहिले होते ना, तू परीक्षेला बाहेरगावी गेली होतीस तेव्हा, त्या वेळी ऐकलंय. मी घरी जाऊन रडले होते. माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली." ती उठली. टेबलावरचा पेपरवेट तिनं पर्समध्ये टाकला. "माफीचं मला माहीत नाही. मला वेळ लागेल. पण तू चुकीच्या ठिकाणी आली आहेस. हे संतोषदेवींचं प्रकरण आहे, माझं नाही. त्या अजून तिथंच राहतात."

ती निघून गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यात बराच वेळ ऐकू येत राहिला.

रविवारी सकाळी मी सीकरची बस धरली. चौमूं मागे पडलं. बाजाराच्या तोंडाशी बियाण्यांची दुकानं होती, त्यातलं कोणतं तिचं होतं कोण जाणे, मी कधी विचारलंच नव्हतं. सीकरहून जीप. मोहरी पिवळी झाली होती, खेजडीच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या आभाळात बोटांसारख्या उभ्या होत्या. गावाच्या अलीकडे जीपवाल्यानं हात केला, "वो रहा स्कूल. उधर चूरू लग गया." दोन शेतं. शाळेच्या भिंतीचा पिवळा रंग इथून दिसत होता.

संतोषदेवी अंगणात मुगाच्या वड्या घालत होत्या. निवृत्त झालेल्या, पाठ किंचित वाकलेली. अंगण मधोमध एका बुटक्या भिंतीनं वाटलेलं, पलीकडच्या भागात बाजेवर एक फार म्हातारे गृहस्थ हुक्का ओढत बसलेले. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला ओळखलं नाही, पण शारदाचं नाव घेतल्यावर चेहरा उजळला आणि वड्यांचे हात तसेच ठेवून त्या बसायला सांगू लागल्या.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. हिंदीत, एकही वाक्य न सजवता. कागदावर जिल्हा दिसला होता, मी गप्प बसले, चार दिवस होते, ते गेले. जळत होते म्हणून.

मी थांबले तेव्हा त्यांनी हाताला लागलेलं पीठ परातीच्या काठाला पुसलं, एक एक बोट.

"म्हणजे मी नाही गेले," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"सगळं गाव म्हणतं, पगारासाठी सासूला टाकून गेली. वेळेत कोर्टात गेलीच नाही म्हणतात, मुद्दाम उशीर केला, सुटका हवी होती. माझे जेठ, थोरले दीर," त्यांनी भिंतीपलीकडे हनुवटीनं खूण केली, "माँजींना शेवटचं पाणी त्यांनी पाजलं. त्या दिवसापासून माझ्या घरचं पाणी प्यायलेले नाहीत. माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा नाही." त्या उठल्या. पदर पुढे ओढला. "हे तिकडे येऊन सांगा. मी त्यांच्याशी बोलत नाही, आमच्यात बोलत नाहीत. तुम्ही बोला. मोठ्यानं बोला, त्यांना कमी ऐकू येतं."

तर मी भिंतीपाशी गेले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. कोर्टात मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. शेजारच्या गच्च्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. 'जळत होते' हा शब्द मला दोनदा म्हणावा लागला, कारण पहिल्यांदा म्हाताऱ्यांना ऐकू आला नाही. संतोषदेवी माझ्या मागे पदराआड उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

म्हाताऱ्यांनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग माझ्यावरून नजर काढली, मला तिथं उरूच दिलं नाही, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत खरखरीत आवाजात त्यांनी घरच्या सुनेला हाक मारली,

"बीनणी, पाणी ला."

संतोषदेवी धावल्या. त्या वयात, वाकलेल्या पाठीनं धावल्या. तांब्या काठोकाठ भरला होता, पाणी हातावर सांडत होतं, आणि पदराखाली त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं. म्हाताऱ्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता, गळ्याची घाटी वर-खाली करत, सगळा पिऊन टाकला.

मी तिथंच उभी होते. मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि विचारायला नकोच होतं. तरी खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला हेवाच वाटला. त्या रिकाम्या तांब्याकडे बघणाऱ्या त्या बाईचा. बावीस वर्षांचं ओझं कुणीतरी उतरवल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पहिल्यांदा बघत होते.

मी पर्स उचलली आणि जीप मिळते का बघायला रस्त्यावर आले.